शेवटची धार

पारनेरला आमच्याकडे दूध घालणारे मामा माप ओतताना म्हशीची खुशाली सांगत. "आज गुणाची हाय," नाहीतर "आज लई रुसलीय." रेडकाचा विषय निघाला की हसत. "त्याचं पोट आमच्या आदी. शेवटची धार त्याची."

एकाहत्तर साली अन्न निरीक्षकाने त्यांच्या दुधाचा नमुना घेतला. स्निग्धांश कमी निघाला आणि मामांवर भेसळीचा खटला झाला. पाणी घातलेले नव्हते, हे निरीक्षकालाही कळत होते. कोर्टाने दंडावर सोडले. बाहेर आल्यावर तोच निरीक्षक मामांना म्हणाला, "शेवटच्या धारेतच खरी साय असते. ती रेडकाला पाजता, म्हणून तुमचं दूध पातळ भरतं."

"म्हंजी त्याच्या तोंडचं काढून तुमच्या बाटलीत भरायचं?"



पुढे एकदा धारेच्या वेळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. रेडकू आखूड बांधलेले होते. मामांनी शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढले आणि मग त्याला सोडले. ते रिकाम्या आचळांना ढुशा देत राहिले. मामा त्याच्याकडे पाठ करून उभे होते. मला पाहून म्हणाले, "आता दूध पास हाय, साहेब."

आमच्या दुधावर जाड साय धरू लागली. मामा दारात आले की बायको सायीची वाटी फडताळात सरकवून ठेवी.