भट्टीशेजारचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर नवऱ्याच्या दुकानातून आला. विट्यातल्या कितीतरी पुरुषांसारखा माझा नवराही दूर दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचं दुकान चालवतो. म्हणजे सराफांकडचं सोनं भट्टीत वितळवायचं, ॲसिडनं शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. त्याच्या आधी तेच दुकान सासऱ्यांनी चालवलं. दुकानात नवा कॉम्प्युटर आल्यावर जुना टाकायचा कुठं हा प्रश्न पडला, आणि उत्तर म्हणून मी सापडले. दिवाळीला गाडीच्या डिकीतून, मिठाईच्या खोक्यांखाली दबून ते धूड घरी आलं. 'तुला उपयोग होईल,' नवरा म्हणाला. भंगारवाल्यानं काय भाव सांगितला होता ते त्यानं सांगितलं नाही.

उपयोग मात्र झाला, आणि तो कसा झाला हे त्याला आजही नीट माहीत नाही. पुण्यातली एक संस्था दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. घरी बसून वाचणारी माणसं त्यांना हवी होती. मी सांगलीची, कॉलेजात वाचनाची बक्षिसं मिळवलेली. लग्नानंतर या गावात माझ्या आवाजाचा उपयोग दूधवाल्याला हाक मारण्यापुरता उरला होता. मी नमुना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, वाचन उत्तम, पण मागे सतत घोंघावण्याचा आवाज येतोय, तो घालवता आला तर काम देऊ. मला ते काम हवं होतं. भाकरी, पाहुणे आणि सासऱ्यांचा चहा यांच्या पलीकडचं, फक्त माझं असं काहीतरी मला फार हवं होतं.

आवाज अर्थातच कॉम्प्युटरचा होता. चालू केला की तो आधी खाकरायचा, मग त्याचा पंखा वेग घ्यायचा आणि थोड्याच वेळात घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं व्हायचं. डब्यावर हात ठेवला तर चटका बसे. बरं, मी वाचायला बसायची तेव्हा खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, दाराला गोधडी टांगलेली. विट्याच्या उन्हाळ्यात मी घामानं निथळत होते आणि माझ्यासमोर ते यंत्र उकाड्याची तक्रार करत होतं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, 'बंद करून चालू कर.' हा त्याचा सगळ्यावरचा इलाज आहे. संसारावरसुद्धा तो हाच इलाज करतो, वर्षातून एकदा दिवाळीला.

मग बाजारपेठेतला कॉम्प्युटरवाला आला. केसांना जेल, खिशात दोन मोबाइल आणि तोंडात सगळ्या जगाचं ज्ञान. त्यानं डबा उघडलाही नाही. कान लावला, मान हलवली आणि म्हणाला, 'वहिनी, हवा कमी पडतीय.' मग मागच्या बाजूला त्यानं बाहेरूनच एक नवा, हिरव्या दिव्यांचा पंखा बसवला. आता दोन पंखे घोंघावू लागले आणि खोलीत जत्रेतल्यासारखा उजेड पडला. मी म्हटलं, आवाज वाढलाय. तो म्हणाला, 'आवाज म्हणजे पॉवर.' अशा माणसांना घरात घेतल्याबद्दल मी स्वतःवर बराच वेळ चिडले होते.

शेवटी मोबाइलवर व्हिडिओ बघून मीच शिकले. ते व्हिडिओही एकेक नग असतात. आधी दहा मिनिटं तो मनुष्य स्वतःच्या टेबलाची आरास दाखवतो, नंतर कुठंतरी कामाचं एक वाक्य बोलतो. पण त्या एकेका वाक्यातून मला समजलं ते असं. आतल्या मुख्य चिपवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो. चिपची उष्णता त्या पात्यांत जाते आणि पंखा ती वाऱ्यानं उडवून लावतो. पात्यांत घाण बसली, किंवा वारा यायची वाट बंद झाली, की चिप तापते. चिप तापली की पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो, आणि आवाज होतो तो त्याचा. म्हणजे आवाज कमी करायचा तर आधी ताप उतरवायला हवा. कॉम्प्युटरवाल्याला हे माहीत नसेल असं नाही, त्याला फक्त पंखा विकायचा होता.

मी अंगणात चटई टाकून डबा उघडला, आणि आत बघून कपाळावर हात मारून घेतला. बाजूच्या पत्र्याला हवा यायला जी जाळीदार भोकं असतात, ती सगळीच्या सगळी आतून चिकटपट्टीनं बंद केलेली होती. एकावर एक थर देऊन, कडा दाबून, अगदी मन लावून केलेलं काम होतं ते. मला कर्ता शोधावा लागला नाही. तो ओट्यावर बसून चहा पीत होता.

'मामा, ही भोकं तुम्ही बुजवली?'

'व्हय,' सासरे म्हणाले. 'दुकानातच बुजवली व्हती. लय तापायचं ते.'

'तापायचं म्हणून भोकं बंद केली?'

'मग? वारा लागला की जाळ भडाकतोय. भट्टीला भाता कशासाठी लावत्यात, पोरी? आतला वारा तोडला की इस्तू निवतोय.'

माणसाचा सगळा जन्म भट्टीपुढं गेला. सोनं किती तापलंय हे तो रंगावरून सांगतो, आणि विट्यात चारचौघांत त्याला मान आहे. त्याच ज्ञानाच्या जोरावर त्यानं एका यंत्राचं नाक-तोंड बांधून टाकलं आणि वर्षानुवर्षं ते का धापा टाकतंय याचं नवल करत बसला. मी त्यांना समजावून सांगितलं की यात जाळ नसतो, वीज असते, याला वारा हवा असतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'आसंल,' म्हणाले. गलाईवाल्याचं 'आसंल' म्हणजे तुझं तू बघ, मला ठाऊक आहे ते मला ठाऊक आहे. त्या एका शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात एक सबंध पिढी अशी आहे की जिला एकच गोष्ट येते, आणि ती त्या एका गोष्टीनं सगळं जग मोजते. त्यांचा मुलगाही तसलाच.

चिकटपट्ट्या खरवडून काढल्या. आत धूळ होतीच, पण ही आपल्याकडची माळावरची कोरडी धूळ नव्हती. काळी, चिकट, भट्टीच्या काजळीनं मळलेली राप होती. पात्यांचा ठोकळा तर वाकळेसारखा गच्च भरला होता. स्क्रू गंजून तांबडे झालेले. तांब्याच्या तारांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं, बोट लावलं की पूड हाताला यायची.

'ॲसिडाचा धूर,' सासरे मागून म्हणाले. ते कधी उठून आले कळलं नाही. 'धातू खातोय त्यो.'

मग ते आत गेले आणि माळ्यावरून हातानं फिरवायचा जुना भाता घेऊन आले, भट्टी पेटवायचा. मी रंगाच्या ब्रशनं राप सैल करायची आणि ते भात्याचा दांडा फिरवून ती उडवायचे. हे मात्र त्यांना उत्तम जमलं. अंगणात काळा धुरळा उठला. मी नाकाला ओढणी बांधली होती. त्यांना रुमाल दिला तर तो त्यांनी खांद्यावर टाकला.

'आमी ॲसिडाचा धूर खाल्लाय,' म्हणाले. 'ह्या धुळीचं काय घिऊन बसलीस.'

आणि खोकत खोकत दांडा फिरवत राहिले. तो खोकला मी या घरात आल्यापासून ऐकत होते. घरातल्या घड्याळाची टिकटिक कुणी ऐकतं का? तसाच तो माझ्या कानाआड गेला होता.

चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये एक मलम असतं, उष्णता पलीकडे पोचवणारं. ते वाळून खडूसारखं झालं होतं. ते पुसून सांगलीहून आणलेलं नवं लावलं. हिरव्या दिव्यांचा पंखा काढून टाकला. करकरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बिनआवाजाची नवी बसवली. डब्याच्या पायांखाली जुन्या स्लिपरचे रबरी तुकडे कापून घातले, म्हणजे त्याची थरथर टेबलात उतरत नाही. टेबलाच्या बंद कप्प्यातून तो काढून मोकळ्यावर ठेवला. मग चालू केला, तर आधी वाटलं चालूच झाला नाही. पंखा इतका संथ फिरत होता की त्याची पाती मोजता आली असती. डब्यावर हात ठेवला, तो माठासारखा गार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याची मला लाज वाटली नाही. कॉम्प्युटरवाल्याला मी तो हिरवा पंखा परत नेऊन दिला आणि दुकानात चार गिऱ्हाइकं असताना दिला.

नवा नमुना वाचला. हेडफोन लावून ऐकला. गिरणी गेली होती. पण माझ्या आवाजाच्या खाली, दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, काहीतरी होतं. बारीक शिटी, मग थांबणं, मग पुन्हा शिटी. मी डबा पुन्हा उघडला, पंख्याला तेलाचा थेंब दिला, तारा बांधल्या. शिटी तशीच. शेवटी कॉम्प्युटरच बंद केला आणि मोबाइलवर नुसती रिकामी खोली टिपली. शिटी होतीच.

मी दार उघडलं. सासरे दाराला टेकून खाली बसले होते.

'थांबलीस का?' ते म्हणाले. 'ब्येस वाचतीस. त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं?'

तिसरीच्या पुस्तकातला धडा ऐकायला माझा सासरा चोरून दाराशी बसत होता. मला त्यावेळी फक्त राग आला. इतके दिवस मी यंत्राची आतडी बाहेर काढत होते आणि आवाज हा करत होता.

'मामा, हा आवाज कॉम्प्युटरचा नाही,' मी म्हटलं. 'तुमच्या श्वासाचा आहे.'

ते हसले.

'मी बी त्याच दुकानात व्हतो की,' म्हणाले. 'त्येला उघडून झाडलंस. मला कोन उघडणार?'

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि मला विचारलं, 'यांना इतके दिवस कुणी आणलं नाही?' नवऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, 'त्यांचा खोकला जुनाच आहे.' त्याच्या मागे दुकानातला पंखा ऐकू येत होता आणि बोलता बोलता तो स्वतःही खोकत होता. मी फोन ठेवून दिला. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.

घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडतं, आणि दिवसातला बराचसा वेळ चालू ठेवायचं असतं. त्याचा आवाज जुन्या कॉम्प्युटरच्या वरताण. धबधब, फुस्स, पुन्हा धबधब. मी त्यांची कॉट शेवटच्या खोलीत हलवली, मधल्या दोन दारांवर गोधड्या टांगल्या आणि वाचायला बसले. पहिल्या दिवशी थोडी धबधब आली. दुसऱ्या दिवसापासून ध्वनिमुद्रण अगदी स्वच्छ. संस्थेनं काम दिलं, पाठोपाठ दुसरं पुस्तक दिलं. गोधड्यांची जागा मी किती अचूक साधली, याचा मला मोठाच अभिमान वाटत होता. त्या व्हिडिओवाल्यांनी यावं आणि माझ्याकडून शिकावं, असं वाटायचं.

एकदा वाचताना घसा कोरडा पडला म्हणून मधेच उठून स्वयंपाकघरात गेले. घरात काहीच आवाज नव्हता. शेवटच्या खोलीत डोकावले. सासरे कॉटच्या कडेला ताठ बसले होते. नळी नाकात, यंत्र बंद आणि हात त्याच्या बटणावर. ओठ निळसर पडलेले. माझ्या वाचनाचा आवाज थांबला म्हणून ते कानोसा घेत होते.

'झालं का वाचून?' त्यांनी विचारलं. एवढं बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. 'चालू करू?'

'रोज बंद करता?'

'त्येचा आवाज व्हतोय न्हवं तुला.'

सुनेनं सासऱ्याला बोलू नये ते सगळं मी त्या दिवशी बोलले. अक्कल आहे का, असंही विचारलं. जन्मभर धूर खाल्ला तो पुरला नाही का, ज्याला वारा हवा त्याचा वारा तोडायची ही कसली खोड आहे तुम्हाला, आधी त्या डब्याचा तोडला आणि आता स्वतःचा. ते खाली मान घालून ऐकत राहिले. 'आसंल' म्हणाले नाहीत.

मी यंत्र चालू केलं. मग ते चाकांवरून ओढत माझ्या खोलीत आणलं, खुर्ची टाकून त्यांना तिच्यावर बसवलं, गोधड्या काढल्या आणि राहिलेला धडा तिथंच वाचला, धबधब चालू असताना. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग मी तो धडा तसाच संस्थेला पाठवून दिला. संस्थेचं पत्र आलं की मागे पुन्हा आवाज येतोय. मी एका ओळीत कळवलं, येतोय आणि येणार, चालत असेल तर पुढचा धडा पाठवते. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

कॉम्प्युटर हल्ली इतका गार आणि गप्प असतो की चालू आहे की बंद हे दिव्याकडं बघून ठरवावं लागतं. शेजारच्या यंत्राचं तसं नाही. ते बंद पडलं तर मला परसात कपडे वाळत घालतानाही कळतं, आणि मी हातातलं टाकून धावते.