आत्याची इटलीवाली कॅसेट

माझी शेवंताआत्या जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींना भ्यायची आणि ते तोऱ्यात सांगायची. विहिरीला, विजेला, अस्वलाला, एवढंच काय, नव्या चपलेलासुद्धा. "मले भेव लागते, म्हनून मी जित्ती हाओ," असं तिचं म्हणणं. ताडोब्याच्या जंगलाला लागून असलेल्या तिच्या गावात हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तरी आम्ही भाचरं हसायचो.

तिचे यजमान माजरीकडे कोळसा खाणीच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकी होते. यंत्र बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना त्यांना आपला टेपरेकॉर्डर आणि एकुलती एक कॅसेट देऊन गेला. यजमान वारले आणि दोन्ही वस्तू आत्याकडे राहिल्या. मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते, म्हणून वेष्टणावरचं इंग्रजी वाचायचा मान माझा. इटलीतल्या आताच्या काळातल्या कुणा संगीतकाराच्या रचना होत्या, मोठ्या वाद्यवृंदासाठी आणि गायकांसाठी लिहिलेल्या. "गानं कोन्तं हाय याच्यात?" आत्यानं विचारलं. गाणं कोणतंच नव्हतं. कितीतरी व्हायोलिन एकच सूर धरून थरथरत राहायची, मधूनच पितळी वाद्यं गुरगुरायची, आणि मग बायका शब्दांवाचून गायला लागायच्या. काहीतरी येऊ घातलंय आणि येत नाहीये, असं सारखं वाटायचं. माझ्या अंगावर काटा आला. आत्याच्याही आला, आणि ती खूश झाली.

त्याचं कारण मोहफुलं. एप्रिलात उजाडता उजाडता ती वेचायला जंगलात जावं लागे. वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेल्या बाईला वाघ जनावर समजतो. म्हणून आवाज करत राहायचं. इतर गावच्या बायका गप्पा मारत, थाळी बडवत. आत्याच्या गावच्या बायका इटलीची कॅसेट लावत. त्यासाठी सेल कौलांवर वाळत घालून पुन्हा पुन्हा वापरायची तिची खटपट चाले. सिनेमाची गाणी लावा, असं पोरींनी कितीदा तरी सुचवलं. आत्याचं उत्तर ठरलेलं असे. "गान्यात जीव रमते अन् ध्यान जाते. याच्यात कोनाचा जीव रमते का?"

खरंच रमत नसे. त्या कॅसेटवर एक रचना संपून दुसरी सुरू होईपर्यंत बराच वेळ नुसती शांतता होती. आत्यानं त्या वेळात हजेरी बसवली होती. सगळ्यांत वयस्क पारबताबाईनं आत्याला हाक मारायची, आत्यानं "हाव" म्हणून शेजारच्या विमलला, विमलनं तिच्या पुढचीला. जिचा "हाव" आला नाही, तिच्यापुढे हाक जायची नाही, आणि तोवर कुणी एक फूलही उचलायचं नाही.

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर होते. व्हायोलिन थांबली. पारबताबाईनं हाक मारली, आत्या "हाव" म्हणाली आणि तिनं विमलला हाक मारली. उत्तर आलं नाही. सगळ्या बायका टोपल्या धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. सगळ्या गोष्टींना भिणारी आत्या मात्र टेपचा आवाज पूर्ण वाढवून झाडांमध्ये चालायला लागली, विमल, विमल करत. मी तिचा पदर धरून मागे. विमल एका मोहाखाली उकिडवी बसलेली दिसली आणि समोरच्या करवंदीच्या जाळीत तो. तेवढ्यात टेपमधल्या बायका गायला लागल्या. वाघ उठला, त्यानं आमच्याकडे बघितलं आणि तो नाल्यात उतरून गेला. विमलची दातखीळ बसली होती. आत्या तिला रागावली नाही. तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "भेव लागलं तरी चालते, विमल. पन हाव म्हनत जा."

काही वर्षांनी आत्याला तापानं धरलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पुढे काय होणार ते आम्हाला कळलेलं होतं, आणि तिलाही. दुपारी बायका तिच्या खाटेभोवती बसल्या होत्या. तिनं माझं मनगट धरलं. "पोरी, मले लई भेव लागून राह्यलं. टेप लाव." या वेळी त्यात तोरा नव्हता. मला रडू आवरेना, पण टेप लावला.

रचना संपली आणि शांतता आली. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण पारबताबाईच्या तोंडून सवयीनं हाक गेली, "शेवंताबाई." "हाव," आत्या म्हणाली आणि तिनं विमलला हाक मारली. डोळे पुसत विमलनं "हाव" म्हटलं. माझ्या मनगटावरची आत्याची पकड सैल झाली. तिची भीती गेली म्हणून मला बरं वाटलं.

मग पुढची रचना आली, तीही संपली. पारबताबाईनं हाक मारली. थांबून पुन्हा मारली. टेपमधल्या बायका गायला लागल्या तरी विमल कान देऊन बसून होती. तिला अजून कुणी हाक मारली नव्हती.