बसलेल्या डोळ्यासाठी काढलेला चेहरा

दिनू गेल्याची बातमी मला दादरच्या भाजीबाजारात कळली. रविवार होता, पिशवीत बटाटे, दोन पडवळ आणि वर टोमॅटो होते. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून पाहिले तर दिनूचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "अनंतराव, दादा पहाटे गेला, इस्पितळातच. मी तुमच्याकडेच निघालो होतो." मी "बरं" म्हणालो. नंतर समोरच्या बाईकडून कोथिंबिरीची जुडी घेतली, तिने सुटे पैसे परत दिले ते नीट खिशात ठेवले, आणि मगच मला समजले की दिनू गेला. त्याच्या भावाला माझा राग आला असेल. पण मनाला काही गोष्टी उशिरा पोहोचतात, त्याला इलाज नाही. आज या गोष्टीला काही आठवडे झाले. अजून ती पूर्णपणे पोहोचली आहे असे मला वाटत नाही.

दिनकर पेडणेकर हा गिरगावातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक. आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. त्याच्या खोलीच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एकच बिऱ्हाड होते. मी विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. चित्रातले मला कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा ठेवणार नाही. दिनूचे नाव झाले ते रांगोळीतल्या चित्रांमुळे. दिवाळीच्या सुमारास गिरगावात, परळला, लालबागला रांगोळीची प्रदर्शने भरतात. जमिनीवर गेरू सारवून त्यावर रंगीत भुकटीने माणसाचा हुबेहूब चेहरा काढायचा, चारआठ दिवस लोकांनी दोरीपलीकडून बघायचा, आणि मग तो लोटून टाकायचा. "एवढी मेहनत आणि शेवटी केर?" असे मी त्याला एकदा विचारले होते. तो म्हणाला, "तुझा मासिक ताळेबंद तरी कोण देव्हाऱ्यात ठेवतो?"

कुणाचे चित्र काढायचे ठरले की दिनू आधी काही दिवस त्या माणसासारखा वागायचा. ही त्याची पद्धत होती, आणि तिचा घरच्यांना त्रास होई. एका हमालाचे चित्र काढायचे होते तेव्हा तो मस्जिद बंदरला जाऊन पाठीवर पोती घेऊन आला आणि आठवडाभर कमरेला शेक घेत बसला. एका म्हाताऱ्या कीर्तनकारांचे काढायचे तेव्हा घरात मान एका बाजूला झुकवून हिंडत असे. सुशीलावहिनी, म्हणजे त्याची बायको, गॅलरीतून माझ्या बायकोला विचारायच्या, "सध्या आमच्याकडे कोण राहायला आलंय, सांगा पाहू?" सगळा मजला हसायचा. दिनूही हसायचा, पण मान तशीच झुकलेली. तो म्हणे की चेहरा हाडांवर असतो, पण हाडे काय सोसून तशी झाली हे आपल्या अंगाला कळल्याशिवाय बोटातून रंग नीट पडत नाही. मला हे ऐकून थोडे हसू येई. मी म्हणे, "भावना वगैरे ठीक आहे, पण तुझी सगळी डोकी चपटी दिसतात त्याचं काय?"

ते खरेच होते. जमिनीवरचे चित्र आपण तिरके बघतो. चित्राची हनुवटी आपल्या पायाशी आणि कपाळ लांब, त्यामुळे लांबचा भाग डोळ्याला आखूड दिसतो. छायाचित्रावर आणि जमिनीवर सारखेच चौकोन आखून रेघ न् रेघ उतरवली, तरी दोरीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला चेहरा बसका दिसणार. यात भावनेचा काही संबंध नाही, हा साधा त्रिकोणांचा हिशेब आहे. एका दिवाळीत मी तो करून दिला. बघणाऱ्याचा डोळा किती उंचावर, तो किती अंतरावर उभा, त्यावरून कपाळाकडचे चौकोन किती लांबवायचे ते काढले. दिनूने त्याप्रमाणे दोरे ताणले आणि चित्र झाल्यावर दोरीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "अंत्या, तू इतकी वर्षं मेल्या कुठे होतास?" तेव्हापासून दरवर्षी दोरे माझ्याकडे आणि रंग त्याच्याकडे, अशी आमची वाटणी झाली. मला त्या कामाचे काय वाटायचे ते मी त्याला कधी सांगितले नाही. दिवाळी जवळ आली की कचेरीत माझे लक्ष लागत नसे, एवढे मात्र खरे.

मग संयुक्त महाराष्ट्राची ती धामधुमीची वर्षे आली. गोळीबारात जी माणसे गेली त्यांत लालबागच्या एका चाळीतला चंद्रकांत नावाचा मुलगा होता. गिरणीत नुकताच लागलेला, विशीच्या आतबाहेरचा. त्या दिवाळीत तिथल्या मंडळाने प्रदर्शनात त्याचे चित्र ठेवायचे ठरवले आणि दिनूला बोलावणे आले. मंडळाचे चिटणीस तडफदार गृहस्थ होते. ते म्हणाले, "मास्तर, डोळ्यांत आग हवी. बघणाऱ्याची मूठ वळली पाहिजे." दिनूने मान डोलावली. गिरणीच्या कामासाठी काढलेला मुलाचा एक लहानसा फोटो मिळाला, तेवढ्यावर काम. मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही खिडक्या लावून घेतल्या, कारण वाऱ्याने भुकटी उडते. मदतीला आलेला एक कार्यकर्ता चंद्रकांतचा मित्र होता, तो फोटो बघून हुंदके देऊ लागला. दिनू चित्रावर आडव्या टाकलेल्या फळीवरूनच ओरडला, "बाबा रे, बाहेर जाऊन रड! इथे पाणी चालत नाही. थेंब पडला की रंग बसला!" मला ते कठोर वाटले. पण खोलीबाहेर आल्यावर दिनू स्वतः जेवू शकला नाही, डबा तसाच परत नेला, हेही मी पाहिले आहे.

चित्र उत्तम झाले. मी दोरीच्या चारही बाजूंनी फिरून पाहिले आणि मुख्य जागेवरून मला एकही दोष सापडला नाही. डोळ्यांत आग होती. चिटणीस खूश झाले. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायचे होते. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाच्या आईला आणवले, लोकांची गर्दी होण्याआधी तिने बघावे म्हणून. त्या मालवणकडच्या. चाळीत सगळे त्यांना काकी म्हणत. काकी दारातून आत आल्या, दोरीपाशी आल्या, आणि उभ्या न राहता खाली बसल्या. कुणी त्यांना बसायला सांगितले नव्हते. आपले माणूस जमिनीवर असले की आपणही जमिनीवर बसतो, तशा त्या बसल्या. बराच वेळ बघितले. मग चिटणिसांकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "हो माझो झील नाय. तोंड सुजलाहा हेचा. इस्पितळात असोच दाखवल्यानी माका..."

चिटणीस समजावू लागले, "काकी, नीट बघा, चंदूच आहे. फोटोवरनं काढलाय." दिनू मात्र चटकन त्यांच्या शेजारी जाऊन बसला, मान खाली करून डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणले, आणि तिथून चित्राकडे पाहिले. मग माझ्याकडे बघून त्याने मला खुणेने खाली बसायला सांगितले. मी बसलो. बसल्या उंचीवरून तो चेहरा पसरट, फुगलेला दिसत होता. माझा हिशेब उभ्या माणसाचा होता. तो हिशेब बरोबर होता, आजही मी तो बरोबरच म्हणेन. पण मेलेल्या मुलाची आई उभी राहून बघणार नाही, हे हिशेबात घालायचे आम्हा दोघांपैकी कुणाला सुचले नव्हते. आणि त्यामुळे त्या बाईला पुन्हा एकदा इस्पितळातला तो चेहरा बघावा लागला होता.

दिनूने विचारले, "काकी, उद्या तुम्ही इथेच बसाल?"

"मगे खंय बसू?" त्या म्हणाल्या.

"घरात तो तुमच्याकडे कसा बघायचा?"

काकींनी चित्रातल्या डोळ्यांकडे बोट दाखवले. "असो रागान बघूक नाय कधी. कामावरसून इलो की दारात उभो रवान बघी... जेवणाक काय हा तां." आणि एवढे बोलून त्या उठल्या.

त्या गेल्यावर चिटणीस म्हणाले, "मास्तर, आईचं मन आहे, सोडून द्या." मीही त्यांच्याच बाजूने बोललो. मी म्हणालो, "दिनू, उभं राहून बघणारे शेकड्यांनी येतील. बसून बघणारी एक. एकीसाठी बदललंस तर बाकीच्या सगळ्यांना चेहरा लांबट दिसेल." दिनू चिडला नाही. त्याने विचारले, "ती उभी राहील का, ते सांग." मी म्हणालो, "नाही राहणार." "मग बसलेल्या डोळ्याचा हिशेब करून दे. आणि नीट कर अंत्या, यात चूक चालायची नाही. नुसतं वाईट वाटून तिला तिचा मुलगा दिसणार नाही." शेवटचे वाक्य त्याने फार साधेपणाने म्हटले. मी कागद घेऊन बसलो. आयुष्यात मी पुष्कळ आकडेमोड केली, पण एकच उत्तर चार-चारदा पडताळून पाहिल्याचे तेवढेच एकदा आठवते.

त्याने केरसुणी लावू दिली नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्याने स्वतः सगळा चेहरा गोळा केला. मी नवे दोरे ताणले, कपाळाकडचे चौकोन आता भलतेच लांब. तो जेवला नाही, पण अधूनमधून उठून दारात जाऊन उभा राही आणि आत बघे. भुकेला मुलगा आत बघतो तसे. चिटणिसांना वाटले मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. मला माहीत होते की सध्या आमच्याकडे कोण राहायला आले आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक येऊ लागले. हजारो आले असे नंतर सांगितले गेले, मी तेवढे मानत नाही, खोलीच तेवढी नव्हती. पण रांग चाळीबाहेर गेली होती. दोरीपाशी उभे राहणारे चुळबुळत होते. "चेहरा ओढलाय जरा," "मास्तरांचा हात चुकला काय यंदा?" आणि "आपला चंदू असा घोड्यावानी होता काय रे?" हे मी माझ्या कानांनी ऐकले. चिटणीस माझ्याकडे रागाने बघत होते. दिनू कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा, ओठ आवळलेले. तेवढ्यात काकी आल्या. लोकांनी वाट दिली. त्या कालच्याच जागी बसल्या. काकींनी चित्राकडे पाहिले, पदर सावरला, थोड्या पुढे झुकल्या, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मेल्या, केस काप म्हणान कितीदा सांगलंय तुका?"

त्या रडल्या नाहीत. रागावतच राहिल्या. गिरणीतून उशिरा येतो म्हणून, सदऱ्याचे बटण तुटले तरी सांगत नाही म्हणून... त्यांच्या शेजारी उभा असलेला चंदूच्या खात्यातला वयस्क जॉबर, म्हणजे मुकादम, गुडघ्यावर हात ठेवून कसाबसा खाली बसला आणि समोर बघून म्हणाला, "अरे, हा तर चंदू! जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात असाच बघायचा चोर." मग त्याच्यामागचा बसला. मग बायका बसल्या. थोड्या वेळाने त्या खोलीत उभे असे कुणी राहिले नाही. नवे येणारे दारातच चपला काढून बसत होते, आणि आधी बसलेले त्यांच्यासाठी सरकून जागा करत होते. चिटणीसही बसले. घोषणा कुणी दिली नाही, मूठ कुणाची वळली की नाही मला माहीत नाही. पण त्या खोलीतून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस चंद्रकांतला ओळखत होता.

दिनू केव्हाच बाहेर गेला होता. मी त्याला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गाठले. म्हटले, "आता रड हवं तर." तो म्हणाला, "आता कशाला?" आणि बशीत चहा ओतला. त्याचे हात कोपरापर्यंत रंगांनी भरले होते.

यंदा त्याला कावीळ झाली आणि ती बळावली. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे तोवर नक्की झाले होते, पण तो दिवस त्याने पाहिला नाही. लालबागला, परळला दिव्यांच्या माळा लागल्या, गिरगावात रस्त्यावर माणूस मावेना. मी बायकामुलांना घेऊन सगळे पाहिले आणि पेढे वाटले. सारखे वाटत होते की घरी जाऊन गॅलरीत उभे राहून त्याला हाक मारावी, आणि विचारावे की आता या दिवाळीत काय काढायचे... दोरे कोणत्या उंचीने ताणू.

परवा सुशीलावहिनींकडे गेलो होतो. त्यांचे थोरले दीर आधीच आलेले, आणि कुरबुर चालू होती. वहिनींनी दिनूचा फोटो भिंतीवर फार खाली लावला होता, जवळजवळ कमरेच्या उंचीला. दीर म्हणत होते, "सुशीला, फोटो असा लावतात होय? पोरांची डोकी आपटतील. लोक काय म्हणतील?" वहिनी तांदूळ निवडत खाली बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोक येतात आणि जातात. मी इथे बसते." दीर माझ्याकडे बघू लागले, की अनंतराव तरी समजुतीचे बोलतील. मी उभा होतो, आणि दारातला उजेड काचेवर पडून मला फोटोत काहीच दिसत नव्हते, नुसती चकचकीत काच. वहिनींनी सूप थोडे बाजूला सारले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. तिथून तो स्वच्छ दिसत होता.