पहिल्या कॅरेटले आमी 'लाभ' म्हणतो

मंडळी, मी नवीनच पायथन शिकून राहिली. आज वरूडले संत्र्याची गाडी भरताना माहा पहिला प्रोग्राम सासऱ्यासमोर, म्हंजे मामाजीसमोर ठेवला. कॅरेटचा नंबर टाका, तो लिस्टमध्ये जमा होईल.

मामाजीनं पहिल्याच कॅरेटले लिहिलं, "लाभ". प्रोग्राम एरर देऊन बंद! त्याले आकडाच पाह्यजे होता.

क्लासच्या सरले फोन केला. ते हसले. "सासऱ्यांना 'एक' लिहायला शिकवा."

काहून? आमची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या लाभ, दोन, तीन अशीच चालते. शुभ म्हणून 'लाभ' म्हटलं तर माणूस अडत नाही, मंग मशीन काहून अडते?

मी अट टाकली: इनपुटमध्ये 'लाभ' आला तर एक धर. गाडी भरली.

सरले कळवलं, "शिकवलं. मामाजीले नाही, पायथनले."

बोला, माह्यं काही चुकलं काय?