गुडघ्याची कडी

साळवेबाईंचं नाव आधी लिहितो. बाकीचं मग. बाकीचं लिहिताना माझा तोल जातो, अन् तोल गेला की चांगल्या माणसाचं नाव कुठंतरी कोपऱ्यात राहून जातं. बाई बीडच्या एका केंद्रात व्यायाम द्यायच्या. पोलिओची पोरं, अपघातात हाडं मोडलेले गडी, लकवा मारलेली म्हातारी माणसं, सगळी त्यांच्याकडं. लोक त्यांना मालिशवाली बाई म्हणायचे. त्यांनी मला चालायला शिकवलं, अन् त्याच्या आधी पडायला शिकवलं. हे छापून आलं तर त्यांना त्रास तर होणार नाही ना, ही धास्ती लिहितानाही आहे. बाई, चुकलं तर माफ करा. पण तुमचं नाव झाकून मला हे सांगता येत नाही.

आता झालं ते सांगतो.

धारूरच्या बाजारतळावर मांडव. ज्यांचं ते केंद्र, त्या पुढारी साहेबांचा वाढदिवस. अपंगांना मोफत साहित्य वाटप. आम्ही सकाळपासून सतरंजीवर बसलेलो. साहेब दुपारी आले. स्टेजवरच्या टेबलावर कुबड्या अन् अधू पायाला बांधायचे लोखंडी कॅलिपर मांडलेले. एकूण एक वस्तूवर लाल ऑइलपेंटनं साहेबांचं नाव. माझ्या कॅलिपरच्या मांडीच्या पट्ट्यावर होतंच. पण तिथं चड्डीनं झाकलं जाईल, म्हणून नडगीवरही टाकलेलं.

तो कॅलिपर मला आधीच मिळालेला होता. केंद्रात माप घेऊन तयार केला, बाईंनी तो घालून चालायला शिकवलं, अन् मी केंद्रातल्या आधाराच्या दांड्या सोडून चालायला लागलो त्याच आठवड्यात काढून घेतला. वाढदिवसाला स्टेजवर द्यायचा म्हणून. तोवर मी परत पहिल्यासारखा, डाव्या गुडघ्यावर हात दाबून, कमरेत वाकून. शाळेत तसाच जायचो. शाळा चढावर. सहावीत ती सुटली ती सुटलीच.

माझ्या डाव्या पायात पोलिओनं जीव ठेवला नाही. उभं राहिलं की गुडघा मुडपतो. कॅलिपरच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्यांना गुडघ्याशी सांधा असतो, अन् त्यावर एकेक लोखंडी कडी. उभं राहिलं की कड्या खाली सोडायच्या. टक्. गुडघा ताठ, पाय खांबासारखा. बसायचं तर कड्या वर उचलायच्या. चालायचा सगळा हिशोब त्या दोन कड्यांवर.

बाईंचा एकच कायदा. "ही कडी तुझी. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. तुझ्या मायचासुद्धा."

केंद्रात कमरेइतक्या उंच दोन लोखंडी दांड्या होत्या. दोन्ही हातांनी धरून मधून चालायचं. त्यांच्यावरही वीतवीतभर अंतरानं साहेबांचं नाव. उन्हाळ्यात घामानं रंग सुटायचा, आमचे तळहात लाल व्हायचे.

"झाली का साहेबांची मेहंदी?" बाई हळूच म्हणायच्या, दाराकडं बघून. आम्ही खिदळायचो.

तर स्टेज. पडद्याआड मला कॅलिपर चढवला. कड्या मी स्वतः सोडल्या. कुबडी मागितली तर नामदेवबप्पानं ती लांब सरकवली. "फोटोत काठी कावून पायजे? चालताना दिसला पाहिजेस." बप्पा आमच्याच गावचा. साहेबांचा खास माणूस. माझे दादा, म्हणजे वडील, त्याच्या शेतावर सालगडी. म्हणजे बप्पा बोलला की आमच्या घरात विषय संपला.

मी चाललो. खरंच चाललो. लोक बघत होते, मला लई भारी वाटत होतं. साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी गळ्यात हार घातला.

बप्पा मागून म्हणाला, "पाया पड बे."

मी हात जोडले.

"हात काय जोडतोस? वाक."

"बप्पा, वाकता येत न्हाई. कडी लागलेली हाय."

पायाशी काहीतरी हललं. मी खाली बघेपर्यंत बप्पानं मागून दोन्ही कड्या वर ओढल्या होत्या.

गुडघा गेला. मी तोंडावर आपटलो. साहेबांच्या बुटावर. ओठ दातात आला, तोंडात रक्ताची चव. बाईंनी शिकवलेलं पडणं, हात पुढं टाकून, कडेवर वळून, त्यातलं काही करायला वेळच मिळाला नाही.

साहेब माईकवर म्हणाले, "बघा. लेकरानं कसं लोटांगण घातलं. उपकाराची जाण गरिबालाच असती."

टाळ्या. सगळ्या मांडवात टाळ्या. मायनंही वाजवल्या. ती लांब बसलेली. बप्पाचा हात तिला दिसला नव्हता.

फोटो पेपरात आला. मग काच लावून केंद्राच्या भिंतीवर आला, दांड्यांच्या बरोबर समोर. व्यायाम करताना मी दर खेपेला मला पडलेला बघायचो. खाली लिहिलेलं, कृतज्ञता.

बाई फोटोसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, "कडी कोणी उचलली?"

"मी न्हाई."

"ते मला दिसतंय. कोणी?"

मी कॅलिपरचा पट्टा आवळायला लागलो. दादा सालगडी, हे डोक्यात. बाईंनी जोर केला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या व्यायामात एक व्यायाम वाढला. दांड्यांच्या मधे ताठ उभं राहायचं, भिंतीकडं बघायचं अन् मोठ्यानं म्हणायचं, "हात काढा." पहिल्यांदा माझा आवाज निघेना. बाजूचा लकव्याचा म्हातारा, ज्याला धड बोलता येत नव्हतं, तो खेकसला, "ज्योर्‌रात!" सगळे हसले. मीही.

वर्षभरात माझी उंची वाढली. कॅलिपर तोकडा पडला. त्याचा सांधा माझ्या गुडघ्याच्या खाली येऊ लागला, मांडीला पट्टा रुतून जखम व्हायची. नव्याचं माप घेतलं. तयारही झाला. अन् ठेवून दिला. वाढदिवसाला.

तोच बाजारतळ. तोच मांडव. नवा कॅलिपर टेबलावर, ताजा लाल रंग. माझ्या मापाचा. मी जुना घालून वर चढलो. पायात आग. मनात एकच, तो घ्यायचा अन् उतरायचं. नवा मिळाला नाही तर काय होईल ते मला माहीत होतं. परत गुडघ्यावर हात. परत कमरेत वाकलेला.

साहेबांसमोर उभा राहिलो. हात जोडले. मागून अत्तराचा वास आला. बप्पा.

"मागल्यावानी कर. फोटोवाला तयार हाय."

त्याचा हात कडीकडं आला. मी मनगट धरलं. बप्पाचं मनगट. ज्याच्यासमोर माझे दादा चप्पल काढून उभे राहतात, त्याचं.

"हात काढा."

माईक जवळ होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

बप्पा दात खाऊन म्हणाला, "सोड बे. बापाला इचार मी कोण हाय."

"कडीला हात लावायचा न्हाई. देयाचं तर उभ्याला द्या."

साहेब हसले. आवाज चढवला नाही त्यांनी. मोठी माणसं चढवत नाहीत. म्हणाले, "याला गरज दिसत नाही. गरजूला द्या."

माझा कॅलिपर खाली बसलेल्या एका लहान पोराच्या पायात अडकवला. त्याचा उजवा पाय अधू होता. कॅलिपर डाव्या पायाचा, अन् त्याच्या पायाहून वीतभर लांब. टाच हवेत लोंबत होती. त्याला दोघांनी बखोटीला धरून उभं केलं. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. त्या पोरानं पुढं त्या लोखंडाचं काय केलं असेल कुणास ठाऊक.

घरी जाताना घाटात दादा म्हणाले, "कावून केलंस असं?"

"दादा, मागल्या वर्षी मी पडलो न्हवतो. मला पाडलं. बप्पानं."

दादा थांबले. माझ्याकडं बघितलं. पुढच्या पाडव्याला त्यांनी बप्पाकडं वर्षाच्या चाकरीचं साल धरलं नाही.

बाईंना केंद्रातून काढलं. "पोरांना उलटं बोलायला शिकवते." एवढंच कारण. मला हे उशिरा कळलं, कारण त्या मधल्या काळात बाईंनी माझा जुना कॅलिपर उचलून बीडच्या एका लोहाराकडं नेला, शेजारी उभं राहून पट्ट्या वाढवून घेतल्या, सांधा गुडघ्यावर आणला, अन् मला घालून चालवून बघितला. चेहऱ्यावर काही नाही. नोकरी गेलेली बाई माझ्या टाचेकडं बघत होती. "उजवीकडं झुकतोस. सरळ."

त्याच कॅलिपरवर मी गाव सोडलं. आता पिंपरीत एका एसटीडी बूथवर बसतो. बूथ एका अपंगाच्या नावानं मंजूर आहे. तो अपंग मी अजून बघितला नाही. मला बसवलंय म्हणून बोर्ड खरा वाटतो. लोक येतात, गावाकडं बोलतात, रडतात, हसतात. मी काचेआडून बघत राहतो. बीडचा कोड कुणी सांगितला की माझा कान तिकडं जातो.

नडगीवरचं नाव मी इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढलं. पट्टीवर ओरखडे राहिले. राहू देत.

बाई आता घरीच एका खोलीत व्यायाम देतात असं ऐकलं. माणसं खाटेचा माचवा, तिची लाकडी चौकट, धरून चालायला शिकतात म्हणे. माचवा हलतो. पेशंट घाबरतो. मला माहीत आहे, घाबरलेला माणूस पाय उचलत नाही.

बाई, मी दांड्या घेऊन येणार आहे. दोन, लोखंडी, कमरेइतक्या. कधी, ते आत्ता सांगत नाही, खोटं पडायला नको. पण येणार. तुमच्या खोलीत फरशी फोडून, सिमेंटात गच्च रोवून देणार, हलणार नाहीत अशा. अन् त्यांच्यावर कुणाचं नाव टाकू देणार नाही. साहेबांचं नाही, माझं नाही. तुमचंसुद्धा नाही, बाई. जो दांड्या धरेल त्याचे तळहात कोरडे, स्वच्छ निघाले पाहिजेत. रंगाचा डबा घेऊन कुणी दारात आलाच, तर मी आत उभा असेन. कड्या लावून.