वळणावरचं तणस

शेंदूरजनाघाटच्या उतारावर, ऐन वळणाला आमच्या शेजारच्या काकांचा संत्री भरायचा धंदा आहे. उन्हाळ्यातही कानटोपी घालतात आणि मला नेताबाई म्हणतात. या रस्त्यासाठी मी बांधकाम खात्याविरुद्ध काढलेल्या एकाही पत्रकावर त्यांनी सही केली नव्हती. पत्रक मात्र मागून घ्यायचे, मोठ्यानं वाचायचे आणि परत द्यायचे. “सह्यायनं रस्ते झाले असते, त चंद्रावर डांबर पडलं असतं, नेताबाई!”

यंदा फेब्रुवारीत गारपीट झाली. उतार पांढरा पडला, दुचाक्या घसरू लागल्या. मी खात्याला फोन लावत होते. साहेब जेवायला गेले होते. एक बाई लेकरासकट आपटली, तेव्हा काका क्रेटमध्ये अंथरायचं तणस कवेत घेऊन धावले. त्यांची स्वतःची संत्र्याची बागही झोडपली गेली होती, पण तिकडे ते फिरकलेच नाहीत. सगळं वळण तणसानं झाकलं आणि अंधार पडेपर्यंत तिथंच ओरडत उभे राहिले, “हळू ना बाप्पा! घरी कोनी वाट पायते का नाई?”

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, गारा वितळल्या आणि मग खात्याची गाडी उगवली. त्यांनी तणस झाडून नेलं. वर काकांनाच दम दिला, “रस्त्यावर कचरा टाकतो का बे?”

संध्याकाळी काका आमच्या दारात आले. कानटोपी हातात होती. “आन इकडं तुयं पत्रक.”

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, या खेपेला मनातल्या मनात. मग तोंड वाकडं केलं.

“हे भलतंच मुळमुळीत हाय, पोरी. कडक लिही, मंग सही करतो.”