गाडीपुढचा ताणा

सक्करदऱ्याचे ईश्वरदास निमजे रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लिफ्ट चालवतात आणि तिथवर सायकलने जातात. माणूस सरळ, तोंड तिखट. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो त्यांच्या उंबरठ्याच्याही वर चढला. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चला, तळघर फुकटात भेटलं."

पण शेजारच्या रुपरावने कार घेतली आणि गंमत संपली. त्याच्या घरात जागा नाही, म्हणून तो कार ईश्वरदासांच्या दाराला चिकटवून लावायचा. सायकल काढायची तर मागच्या घराच्या स्वयंपाकघरातून, तिथल्या बाईच्या शिव्या खात. दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर घरी बसा, असं साहेबाने बजावलं होतं.

"मी रोड टॅक्स भरतो, काका," रुपराव म्हणाला. "तुमची सायकल काय भरते?"

"अन् माझा घरटॅक्स काय चुलीत जाते? ही गल्ली त्याच्यातूनच झाली नं गा!"

रुपरावने हसून काच वर केली. ईश्वरदासांच्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवारी त्यांची सुट्टी. सकाळीच त्यांनी माळ्यावरून जुना ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, खाली काढला. त्यांच्या बायकोने, पुष्पलताबाईंनी, कपाळावर हात मारला आणि खळीचं पातेलं गॅसवर ठेवलं. पूर्वी विणकरांच्या या गल्लीत सूत असंच रस्त्यावर ताणून त्याला खळ पाजायचे. तोवर सगळे थांबत. ताणा कोणी ओलांडत नसे.

कारच्या नाकापासून गल्लीच्या एकुलत्या एका तोंडापर्यंत सूत पसरलं. ईश्वरदास कुंच्याने खळ लावू लागले. रुपराव टाय लावून बाहेर आला.

"काका, हे काहून? मले ऑफिसले जायचं आहे!"

"जा नं. ने वरून गाडी."

त्याने गाडी सुरूही केली. पण बाप विणकर होता त्याचाही. समोरच एक धागा तुटून लोंबताना दिसला, तसा गडी उतरला, इस्त्रीच्या पँटीत उकिडवा बसला आणि दोन बोटांत वळून तो जोडूनही मोकळा झाला. मग स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला.

"उद्यापासून गाडी तलावाकडे लावतो," तो हळूच म्हणाला. "पण काका, हा ताणा चढवता कोणत्या मागावर?"

ईश्वरदासांचा कुंचा थांबला. माग लाकडाच्या भावात विकून त्यांनी सायकल घेतली होती. त्यांना एकदम भडभडून आलं.

"तू ऑटो पकड, बाबू," ते म्हणाले. "मले हे वाळेपर्यंत बसा लागते."